फोनवरची पहिली मुलाखत: सुरुवातीला एवढं सांभाळा

घाबरू नका. समोर कागद ठेवून बोलता येतं, ही सोय प्रत्यक्ष मुलाखतीत नसते. फक्त त्यावर पूर्ण उत्तरं लिहू नका. वाचून दाखवलेलं आवाजावरून लगेच कळतं. एकाच पानावर मुद्दे, शेजारी बायोडेटा आणि नोकरीची जाहिरात, बस्स.

आदल्या दिवशी:
- ‘स्वतःबद्दल सांगा’चं उत्तर मोठ्याने बोलून रेकॉर्ड करा. 60 ते 90 सेकंदांत बसवा.
- जिथे बसणार तिथूनच कुणाला तरी फोन लावून रेंज तपासा.
- कॉल वेटिंग बंद करा, नाहीतर ऐन उत्तरात टीं-टीं वाजतं. अनोळखी नंबर ब्लॉक करणारं अ‍ॅप असेल तर तेही बंद.

स्पीकरवर बोलू नका, आवाज घुमतो. इअरफोन बरा, आणि वायरचा असेल तर चार्जिंगची कटकट नाही.

नवख्यांची सगळ्यात मोठी चूक म्हणजे शांततेला घाबरणं. पलीकडे दोन-चार सेकंद आवाज आला नाही की ते बोलतच सुटतात आणि चांगलं उत्तर पातळ होतं. पलीकडची व्यक्ती बहुतेक वेळा लिहून घेत असते. उत्तर संपलं, थांबा. प्रश्न नीट ऐकू आला नाही तर सरळ पुन्हा विचारा. अंदाजाने उत्तर देणं जास्त महागात पडतं.

पगाराची घासाघीस वगैरे पुढच्या फेरीत बघू.