एसएमपीएस किती वॉटचा घेऊ?

यावेळी एसएमपीएसचेच (भिंतीतली वीज पीसीला हवी तशी करून देणारा आतला डबा) प्रश्न इतके आलेत की बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवलीत. मला त्याचा आनंदच आहे, कारण लोक प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर महिना महिना डोकं लावतात आणि एसएमपीएस मात्र दुकानदार जो देईल तो उचलतात, आणि हे मला मनापासून खटकतं, कारण आतल्या प्रत्येक पार्टला जाणारी वीज त्याच एका डब्यातून जाते.

प्रश्न: सर, मी बारावी झालोय, पहिल्यांदाच पीसी बनवतोय. आय५ १२४००एफ प्रोसेसर, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी आणि एक जुनी हार्ड डिस्क. लॅमिंग्टन रोडवर एक दुकानदार म्हणाला ७५० वॉटच्या खाली जाऊच नको, दुसरा म्हणाला कॅबिनेटबरोबर ४५० वॉटचा फ्री येतोय तो चालतो. मामेभाऊ म्हणतो मोठा घेतला तर लाईट बिल वाढेल. नक्की काय करू? — डोंबिवलीचा एक वाचक

आधी आकडे मांडू, मग दुकानदारांकडे बघू. तुझ्या प्रोसेसरवर ६५ वॉट लिहिलेलं असतं पण तो त्याचा बेस आकडा आहे, जोर लावला की तो ११७ पर्यंत जातो, आणि आपण हिशोब नेहमी याच वरच्या आकड्याने करायचा. ४०६० चा आकडा ११५ वॉट. राहिलं मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, हार्ड डिस्क, पंखे, सगळं मिळून ५०-६० धर. म्हणजे झाले साधारण २९०. आणि हे सुद्धा दोन्ही एकदम फुल्ल चालले तर, गेम खेळताना प्रोसेसर सहसा एवढा ताणला जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-सव्वादोनशेच्या घरात राहशील.

मग कार्डाची कंपनी एनव्हिडिया स्वतः ४०६० साठी ५५० वॉट का सांगतं? कारण त्यांना माहीत नसतं तू कुठला प्रोसेसर लावणार आणि एसएमपीएस कसला घेणार, म्हणून ते वाईटात वाईट केस धरून सांगतात. तुझ्यासाठी माझं उत्तरही ५५० च आहे, पण कारण वेगळं. २९० चा लोड ५५० वाल्यावर निम्म्याच्या जरा वर बसतो, तिथे तो थंड राहतो, पंखा आवाज करत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी थोडं मोठं कार्ड टाकायचं झालं तर डबा बदलावा लागत नाही. ७५० घेतलास तर नुकसान काही नाही, फक्त ते जास्तीचे पैसे कार्डात किंवा मोठ्या एसएसडीत गेले असते तर तुला रोज दिसले असते.

बिलाचं मामेभावाला सांग की डब्यावरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा, तो तेवढे खेचत नाही. घराला मोठं मीटर बसवलं म्हणून एक बल्ब जास्त वीज खात नाही, तसंच हे. पीसीला २०० लागतात तर ५५० वाला काय आणि ७५० वाला काय, २०० च देणार, वर थोडे वीज बदलताना वाया जातात तेवढेच.

आता तो फ्रीवाला. हे नीट वाच कारण खरी गोम इथेच आहे. त्याच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट अशा रकान्यांखाली अँपिअर लिहिलेले असतात. तुझा प्रोसेसर आणि कार्ड दोघंही १२ व्होल्टवर चालतात, म्हणून फक्त तो रकाना बघ आणि अँपिअरला १२ ने गुण. चांगल्या ५५० वाल्यावर तिथे ४५ च्या आसपास अँपिअर दिसतात, म्हणजे ५४० वॉट, जवळजवळ सगळीच ताकद कामाच्या जागी. कॅबिनेटबरोबर येणाऱ्या "४५० वॉट" वर मी १६-१८ अँपिअर लिहिलेले पाहिलेत, म्हणजे धड सव्वादोनशे वॉटसुद्धा नाहीत, बाकीचे वॉट ३.३ आणि ५ च्या रकान्यात टाकून बेरीज मोठी केलेली असते आणि तुझ्या पीसीत ते फारसं कोणी वापरत नाही. कधी कधी १२ व्होल्टचे दोन रकाने असतात, त्यांची सरळ बेरीज करू नकोस, खाली कम्बाइन्ड म्हणून जो आकडा दिलेला असतो तोच खरा धरायचा.

त्या फ्रीवाल्यात बऱ्याचदा कार्डासाठीची ८ पिनची वायरच नसते, मग दुकानदार जुन्या हार्ड डिस्कच्या मोलेक्सवरून (चार पिनचा जुना प्लग) कन्व्हर्टर लावून देतो. तो अजिबात लावून घेऊ नकोस. ८ पिनमधून १५० वॉट म्हणजे साडेबारा अँपिअर जाऊ शकतात आणि त्यासाठी १२ व्होल्टच्या तीन वायरी असतात, मोलेक्समध्ये एकच पिवळी वायर असते, ती गरम होते, प्लास्टिक वितळतं. फ्री डबा दुकानातच ठेव आणि कॅबिनेटमध्ये तेवढे पैसे कमी करायला सांग.

प्रश्न: माझ्याकडे ६५० वॉटचा ८० प्लस गोल्ड आहे, चांगल्या कंपनीचा. आय७ १४७००के आहे. सेकंडहँड आरटीएक्स ३०८० घेतलं तेव्हापासून गेममध्ये मधेच पीसी फाटकन बंद पडतो, ब्लू स्क्रीन नाही काही नाही, थेट अंधार. गोल्ड असूनही असं का? — जळगाव

गोल्ड, ब्रॉन्झ हे शिक्के विजेचा किती भाग वाया जात नाही एवढंच सांगतात, ताकदीबद्दल त्यात काही नाही. आणि बचतही लोकांना वाटते तेवढी नसते, २०० वॉटचा लोड धरला तर ८५ टक्केवाला भिंतीतून २३५ घेतो आणि ९० टक्केवाला २२२, रोज चार तास वापरलं तर महिन्याला दीड युनिटच्या आसपास फरक. गोल्ड घ्यावा तो यासाठी की त्या किमतीला आतले पार्ट सहसा बरे येतात आणि वॉरंटी लांब असते.

तुमचा हिशोब बघा, प्रोसेसर २५३ पर्यंत जातो, काही बोर्ड तर ती मर्यादाही काढून टाकतात, कार्ड ३२०, बाकी ६०. झाले ६३३. कागदावर बसतंय पण काठोकाठ. त्यात ३०८० सारखी कार्डं काही मिलिसेकंद ३२० च्या खूप वर उसळी मारतात, सरासरीत ती दिसतच नाही, पण एसएमपीएसच्या आतल्या सुरक्षेच्या सर्किटला ती दिसते आणि ते सप्लाय तोडतं. म्हणजे तुमचा डबा खराब नाहीये, तो त्याचं काम करतोय, त्याला दोष देऊ नका. एनव्हिडियाने या कार्डाला ७५० सांगितलंय, तुमच्या प्रोसेसरबरोबर मी ८५० च सांगेन. नवा घेताना एटीएक्स (एसएमपीएस कसा असावा याचं मानक) ३.० किंवा ३.१ लिहिलेला बघा, २०२२ मध्ये आलेल्या ३.० मध्ये अशा उसळ्या सहन करायची अटच घातलीय.

पण खर्च करायच्या आधी एक चाचणी करा, सॉफ्टवेअरमधून कार्डाची पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आणा आणि तोच गेम खेळा. बंद पडणं थांबलं तर दुखणं सप्लायचंच. नाही थांबलं तर आधी प्रोसेसरचं तापमान बघा. आणि कार्डाला दोन ८ पिन असतील तर एकाच वायरीच्या दोन शेपट्या लावू नका, दोन वेगळ्या वायरी टाका.

नवा मॉड्युलर, म्हणजे डब्यापासून वायरी काढता येणारा, घेतलात तर जुन्याच्या वायरी तशाच ठेवून फक्त डबा बदलायचा मोह होतो, कारण सगळं छान बांधून ठेवलेलं असतं. कृपा करून तसं करू नका. डब्याच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचीही वेगळी, प्लग मात्र बसतो, आणि ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की हार्ड डिस्क तिथल्या तिथे जाते, फोटोंसकट.

प्रश्न: मुलगी आर्किटेक्चरला आहे. तिच्यासाठी ऑफिसमधून निघालेला ब्रँडेड रिफर्बिश्ड पीसी घेतला, एसएमपीएस २६० वॉटचा आहे. ग्राफिक्स कार्ड टाकायचं तर एसएमपीएस बदलावा लागेल ना? — एक वडील, लातूर

काका, बदलायच्या भानगडीत पडूच नका. या ऑफिसवाल्या पीसींच्या बोर्डाचा प्लग बऱ्याचदा त्या कंपनीचा स्वतःचा असतो, बाजारातला साधा एसएमपीएस त्याला लागत नाही आणि कित्येकदा कॅबिनेटमध्ये बसतही नाही. त्यापेक्षा वायर न लागणारं कार्ड बघा. बोर्डाचा स्लॉट स्वतः ७५ वॉट देतो. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं मॉडेल ७० वॉटचं आहे, ते त्या स्लॉटवर चालतं. दुकानात ६ जीबी असं ठासून सांगा, कारण त्याच नावाचं ८ जीबीवालं १३० वॉटचं आहे आणि ते तुमच्याकडे चालणार नाही. जीटीएक्स १६५० मध्येही वायरवाली आणि बिनवायरवाली अशी दोन्ही येतात, कार्डाच्या कडेला प्लगची जागा आहे का ते बघून घ्या. पीसी चपटा असेल तर अर्ध्या उंचीचं कार्ड मागा. आणि घ्यायच्या आधी मुलीला विचारा ती कुठलं सॉफ्टवेअर जास्त वापरते, नुसतं टू-डी ड्रॉइंग असेल तर आधी रॅम वाढवून बघा.

प्रश्न: वर्क फ्रॉम होम करते. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट सारखी जाते. ६०० व्हीएचा यूपीएस आहे, पण लाईट गेली की पीसीही जातो. एसएमपीएस ६५० वॉटचा आहे म्हणून ६५० वॉटचा यूपीएस लागेल का? — रत्नागिरी

नाही ताई, परत तेच, पीसी खरोखर किती खेचतो ते बघायचं. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, घरगुती यूपीएसवर मागे बघितलंत तर ३६० च्या आसपास वॉट लिहिलेले असतात. ऑफिसच्या कामाला पीसी आणि मॉनिटर मिळून १००-१५० मध्ये भागतं, म्हणजे तुमचा यूपीएस पुरायला हवा. दोन-तीन वर्षं जुना असेल तर पहिला संशय बॅटरीवर, ती बदलली की बहुतेक वेळा काम होतं. लेझर प्रिंटर त्याच्यावर लावला असेल तर तो काढून थेट भिंतीला लावा, तो गरम होताना एकदम ओढतो. नवी बॅटरी टाकूनही पीसी जात असेल तर मात्र एसएमपीएस आणि यूपीएसचं जमत नाहीये, स्वस्त यूपीएस बॅटरीवर पायऱ्या-पायऱ्यांचा करंट देतात आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्या (भिंतीतून वीज सुरळीत खेचणारं सर्किट असलेल्या) काही एसएमपीएसना तो चालत नाही, तेव्हा प्युअर साइनवेव्हवाला, म्हणजे घरच्या लाईटसारखा गुळगुळीत करंट देणारा यूपीएस घ्यावा लागतो.

प्रश्न: नवा एसएमपीएस टाकल्यापासून कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. वॉट जास्त झाले का? — बार्शी

वॉटचा यात काही संबंध नाही, घराचं अर्थिंग गेलंय किंवा कधी नव्हतंच. एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट बॉडीवरून अर्थमध्ये सोडतात, अर्थच नसेल तर तो बॉडीवरच राहतो आणि तुमच्या हातातून जायला बघतो. टेस्टर लावलात तर बहुतेक पेटेल. जोराचा झटका बसत असेल तर आतला पार्टच गेलेला असू शकतो, मग पीसी चालू करूच नका. नाहीतर आधी बघा की पीसी दोन पिनच्या एक्स्टेंशनवर तर नाही ना, असेल तर ते आजच काढा, आणि वायरमनला बोलावून त्या सॉकेटची तिसरी पिन खरंच जमिनीपर्यंत गेलीय का ते मीटरने तपासून घ्या. तोपर्यंत घरातल्या लहान मुलांना कॅबिनेटपासून लांब ठेवा.