हाताला येतं, मग कागद कशाला?

प्रश्न : मी अकरा वर्षं छपरांवर सोलर पॅनेल बसवतो आहे. आधी ठेकेदाराकडे होतो, गेली सहा वर्षं स्वतंत्र. सोबत एक मदतनीस. आजवर एकही तक्रार नाही. गेल्या महिन्यात एका शाळेचं ठरत आलेलं काम प्रमाणपत्र नाही म्हणून गेलं. ज्याला मिळालं त्या पोराला क्रिंपिंग, म्हणजे तारेच्या टोकावर धातूची टोपी दाबून बसवणं, मीच शिकवलं होतं! आता या वयात परीक्षेला बसू का? आणि बसून मला नवीन काय कळणार आहे?

उत्तर : बसा. तुमचा राग मला चांगला ठाऊक आहे, कारण तोच डोक्यात घालून मी चार वर्षं परीक्षा टाळली. शेवटी बसलो आणि पहिल्याच फेरीत नापास झालो.

कशात, ते सांगतो. परीक्षकांनी पॅनेलचा तपशीलतक्ता पुढे ठेवला. एका पॅनेलचा ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही जोडलेलं नसतानाचा, ४९ व्होल्ट, स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या ओळीत, २० पॅनेल, आणि पॅनेलच्या डीसीचा एसी करणाऱ्या इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १००० व्होल्ट. 'जोडाल का?' मी तोंडी हिशेब केला, ९८०, आणि छाती पुढे काढून म्हणालो, 'जोडेन.' त्यांनी विचारलं, 'पहाटे ५ अंश तापमान असेल तर?' मी गप्प.

तो ४९ चा आकडा २५ अंशांचा असतो. सिलिकॉनचं पॅनेल जितकं गार, तितका त्याचा व्होल्टेज चढतो. त्या पॅनेलच्या तक्त्यात तळाशी बारीक अक्षरांत दर अंशाला ०.२८ टक्के असं छापलेलं होतं. २० अंश उतरले की ५.६ टक्के वाढ, म्हणजे ९८० चे जवळपास १०३५. उजाडताना पॅनेल तापलेलं नसतं, पण थोड्याशा उजेडातही व्होल्टेज जवळपास पूर्ण येतो. इन्व्हर्टरला पहिला झटका तेव्हाच बसतो आणि मर्यादा ओलांडली म्हणून वॉरंटीही हातची जाते. घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. तीन कामांत असाच काठावरचा हिशेब सापडला. तिथे काही उडालं नव्हतं, पण ते माझ्या कौशल्यामुळे नव्हे. ती तिन्ही ठिकाणं उष्ण होती, एवढंच.

म्हणून 'एकही तक्रार नाही' या वाक्यावर मी आता फारसा विसंबत नाही. आपल्या धंद्यातल्या पुष्कळ चुका वर्षानुवर्षं गप्प बसतात. कनेक्टरचंच घ्या. एका कंपनीचा नर आणि दुसरीचा मादी 'टक्' करून बसतो, ओढला तरी निघत नाही, आपण समाधानाने पुढच्या ओळीला जातो. पण आतल्या धातूच्या पट्ट्या एकमेकींसाठी घडवलेल्या नसतात. जोड तापत राहतो. त्यात आपलं काम डीसीचं, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेचं. घरातला ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगीला विझायला संधी मिळते. डीसीला शून्य नाही, एकदा आर्क, म्हणजे सलग ठिणगी, धरला की तो जळतच राहतो. आणि दिवसाउजेडी पॅनेल बंद करायला बटण नसतं. हे तुम्हाला माहीत असेलच. परीक्षा मात्र 'माहीत आहे' यावर थांबत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर हातात देते आणि तुम्ही काय करता ते बघते.

त्या पोराचं म्हणाल, तर त्याच्याबद्दल मनात काही ठेवू नका. तुम्ही शिकवलेलं क्रिंपिंग त्याला परीक्षेत उपयोगी पडलं असेल.

प्रश्न : एका संस्थेची जाहिरात आली आहे. पाच दिवसांचा वर्ग आणि शेवटी 'आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र हमखास'. घ्यावं का?

उत्तर : 'हमखास' वाचलं तिथेच माझी भुवई वर गेली. वर्गात बसल्याचा दाखला आणि क्षमतेचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जाहिरातीत त्या मुद्दाम एकत्र कालवल्या जातात. व्यक्तींना प्रमाणित करणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२४ नावाचं मानक आहे. त्याचं मर्म असं की, शिकवणं आणि पास करणं एकाच हाती असेल तर तो निःपक्षपणाला धोका मानायचा. 'आमच्याकडे शिकलात तर परीक्षा सोपी जाईल' असं सुचवायलाही त्यात मनाई आहे.

दुसरं, मुदत विचारा. खरं प्रमाणपत्र संपतं. उत्तर अमेरिकेत नॅबसेप ही संस्था सोलर बसवणाऱ्यांना प्रमाणित करते, तिथे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. युरोपीय संघाने २००९ च्या अक्षय ऊर्जा निर्देशात सोलर, हीट पंप, छोटे बायोमास बॉयलर बसवणाऱ्यांसाठी प्रमाणनाची सोय करायला सदस्य देशांना सांगितलं, त्यातही प्रमाणपत्र मुदतीचं आणि ते टिकवायला उजळणी आवश्यक असं स्पष्ट लिहिलं. आजन्म चालणारा कागद भिंतीवर छान दिसतो, बाकी काही नाही.

आणि एकट्याने काम करणाऱ्याने आणखी एक गोष्ट बघावी : प्रमाणपत्र माणसाला आहे की धंद्याला? ब्रिटनमध्ये एमसीएस ही योजना बसवणाऱ्या व्यवसायाला प्रमाणित करते. मालक, कारागीर, हिशेबनीस सगळं तुम्हीच असाल तरी तिथे कामाच्या नोंदी, तक्रारींची वही, तपासणीला उघडं दप्तर हे सगळं आलं. स्वतंत्र कारागिरांची दांडी तिथेच गुल होते, कारण आपलं दप्तर म्हणजे फोनमधले फोटो.

प्रश्न : परीक्षेतल्या प्रात्यक्षिकाच्या तयारीसाठी मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) विकत घेऊ की कोणाचा मागून आणू?

उत्तर : विकत घ्या. ५०० ते १००० व्होल्टची स्ट्रिंग १००० व्होल्ट सोडून तपासायची आणि इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे वीज बाहेर गळू न देणारा रोध, किमान १ मेगओहम यायला हवा, असं आयईसी ६२४४६-१ हे मानक सांगतं. मल्टिमीटरवर ते कळत नाही. मागून आणलेला मेगर परत द्यायच्या घाईत तुम्ही चार स्ट्रिंगमधली एकच तपासाल. मी तेच केलं आहे.

प्रश्न : मला नुकतंच प्रमाणपत्र मिळालं. एक मोठा ठेकेदार म्हणतो, 'कामं आमची माणसं करतील, तुम्ही फक्त नंबर आणि सही द्या, दर कामामागे पैसे घ्या.' फोटो पाठवायलाही तो तयार आहे. यात गैर काय?

उत्तर : फोटोंवर मीही एकदा सही केली आहे. ओळखीचा माणूस, आग्रह केला, आणि फोटो तर इतके सुबक की माझ्या कामाचेही नसतील. हिरवी-पिवळी अर्थिंगची तार प्रत्येक फ्रेमला पोचलेली, बोल्ट आवळलेला, वर खुणेचा रंगसुद्धा लावलेला. दोन महिन्यांनी त्याच इमारतीवर दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. मीटर हातात होताच, म्हणून सहज टोकं लावली. फ्रेम आणि अर्थ यांच्यात सातत्यच, म्हणजे वीज जायला सलग वाटच, नव्हतं! अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर अ‍ॅनोडायझिंगचा थर असतो, तो वीज जाऊ देत नाही. बोल्टखाली दातेरी वॉशर घालून तो थर फोडावा लागतो. वॉशर नव्हते. चोवीस पॅनेलांना चोवीस तारा लावल्या होत्या आणि एकही अर्थ झालेलं नव्हतं. खाली माझी सही, माझा नंबर.

दातेरी वॉशर आहे की साधा, हे फोटोत दिसत नाही. मी ते चोवीस वॉशर स्वखर्चाने बसवले, दीड दिवस गेला, आणि ज्याचं काम होतं त्याने पुढे फोन उचलणं बंद केलं.

तेव्हा ठेकेदाराला सांगा की सही मिळेल, पण छपरावर मी येणार, चाचण्या मी घेणार, आकडे माझ्या वहीत माझ्या अक्षरात उतरणार, आणि त्या दिवसाची मजुरी वेगळी. तो याला कबूल होईल असं मला वाटत नाही. झालाच, तर जाताना मेगर विसरू नका.