केनियात एकटीनं उतरायचंय, घ्यायला कोणी आलंच नाही तर?

प्रश्न: ताई, मी २३ वर्षांची, नागपुरात मानेवाड्याला राहते. जुलैत केनियातल्या किसुमूला एका शाळेत तीन महिने शिकवायला जाऊन राहिली आहे, पगार नाही, राहणं-जेवण संस्था देते. आजवर पुण्याच्या पुढं एकटी गेली नाही. विमान नैरोबीला रात्री दहाला उतरतं, संस्थेचा माणूस येणार म्हणतात. पण तो आलाच नाही तर? आई रोज हेच विचारून राहिली, आता मलाही झोप नाही येत.

उत्तर: अगं, आईचा प्रश्न अगदी बरोबर आहे, त्याला घाबरटपणा नको समजू. माझ्यासोबत नेमकं हेच झालं होतं. मीपण नैरोबीला रात्रीच उतरले, बाहेर लोक नावाच्या पाट्या घेऊन उभे, एकेक पाटी दोनदा वाचली, माझं नाव कुठंच नाही. त्या माणसाचा नंबर मेलमध्ये, फोनला नेट नाही, बॅटरी संपत आलेली आणि चार्जरची पिन तिथल्या बोर्डात बसेना, तिथं चौकोनी दांड्यांची तीन पिनी लागते, अडॅप्टर इथूनच घे. निघताना आईनं हट्टानं डायरीच्या मागच्या पानावर तो नंबर लिहायला लावला होता, तेच पान मी सिमच्या काउंटरवरच्या बाईंसमोर धरलं. त्यांनी स्वतःच्या फोनवरून नंबर लावला, स्वाहिलीत काहीतरी जोरात बोलल्या आणि मला शेजारची खुर्ची दाखवली. माणूस ट्रॅफिकमध्ये अडकला होता, दीड तासानं आला. तोवर त्या बाई दर दहा मिनिटांनी माझ्याकडे बघून मान हलवायच्या, तेवढ्यानंही खूप धीर आला गं.

म्हणून संस्थेकडून एक नाही दोन माणसांचे नंबर, राहायचा पत्ता आणि ड्रायव्हरचं नाव-फोटो आताच माग, सगळं कागदावर लिही, एक प्रत पर्समध्ये अन् एक अंगावरच्या कपड्यांच्या खिशात. इंटरनॅशनल रोमिंग निघण्याआधी चालू करून घे. आणि तुझं नाव घ्यायला आलेल्या माणसानं सांगायचं, तू आधी नाही सांगायचं. तो येईपर्यंत एअरपोर्ट सोडू नको, कोणी कितीही प्रेमानं टॅक्सी देतो म्हणालं तरी. तो आलाच नाही तर त्या रात्रीपुरती एअरपोर्टजवळ एक खोली बघून ठेव, कॅन्सल करता येईल अशी.

आता तू विचारलं नाहीस पण याची मला जास्त काळजी वाटते. जानेवारी २०२४ पासून केनियाला पाहुण्यांसाठी व्हिसा नाही, ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी काढतात, पण ते फिरायला. बिनपगारी असलं तरी काम ते कामच, त्याला वेगळी परवानगी लागते. ती कोण काढणार हे संस्थेकडून लेखी घे, टुरिस्ट म्हणून ये असं सांगत असतील तर जाऊ नको, स्पष्टच सांगते.

यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घे. ती फक्त केनियासाठी नाही, परत येताना आपल्याच देशात सर्टिफिकेट मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि बरेचदा ठरावीक दिवशीच, त्यामुळे फोन करून जा. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे, तिकडं मलेरिया असतो, गोळ्यांचं डॉक्टरांना विचार.

आईनं चिवडा दिला तर कॅरीबॅगमध्ये नको, केनियात २०१७ पासून प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, डब्यात ने. स्वेटर घे बरं का, जुलैत नैरोबीला थंडी असते, शहर सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. भाषेचं टेन्शन नको घेऊ, तिथं चहाला चाय, दुकानाला दुका, गाडीला गारी अन् चपातीला चपातीच म्हणतात.

तिथं रात्रीचे दहा म्हणजे नागपुरात साडेबारा. आई जागीच असणार, माणूस भेटला की गाडीत बसायच्या आधी तिला फोन लाव, गाडीचा नंबर वाचून दाखव.