शांतिस्वरूप भटनागर यांनी प्रयोगशाळा उभारण्यापलीकडे स्वतः काय संशोधन केलं?

भरपूर! सीएसआयआर, म्हणजे देशभर सरकारी प्रयोगशाळा चालवणारी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, त्यांनी उभारली; तिच्या नावाखाली हे संशोधन झाकलं जातं, याचं वाईट वाटतं. तेलांच्या पृष्ठताणावर, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो त्यावर, काम करून १९२१ मध्ये त्यांनी लंडनची डॉक्टरेट मिळवली. रावळपिंडीकडे तेलविहिरी खोदताना वापरायचा चिखल खारं पाणी लागताच घट्ट व्हायचा. भटनागरांनी त्यात देशी डिंक मिसळून तो पातळ ठेवला. विहिरी खोदणाऱ्या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले, ते त्यांनी लाहोरच्या विद्यापीठाकडे वळवले. १९२८ मध्ये माथुर या सहकाऱ्यासोबत चुंबकीय गुणधर्म मोजणारा तराजूही बनवला.

तुम्ही सोलापुरात बीएस्सी करताय, तर पृष्ठरसायन, म्हणजे पदार्थांच्या पृष्ठभागावर काय घडतं त्याचं रसायनशास्त्र, मन लावून शिका. चादरी-टॉवेलचं सूत रंग कसा धरतं, हा प्रश्न याच विषयातला आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळाही त्यांच्याच काळातली, १९५० ची.