नेटसीडीएफमध्ये (हवामानासारखा डेटा साठवायच्या फाइल-प्रकारात) एकच उंची असेल तर ती कुठे लिहायची?

नागपूरच्या तासागणिक तापमानाला २ मीटर ही एकच उंची जोडायची, तर त्यासाठी १ लांबीचं डायमेन्शन (डेटाचा अक्ष) लागत नाही. सीएफ संकेतांत, म्हणजे अशा फाइली कशा लिहायच्या याच्या नियमांत, स्केलर कोऑर्डिनेटची (एकाच किमतीच्या कोऑर्डिनेटची) सोय आहे.

'हाइट' नावाचं, एकही डायमेन्शन नसलेलं व्हेरिएबल करा. किंमत २.०, 'युनिट्स' म्हणजे 'एम', 'स्टँडर्ड_नेम' म्हणजे 'हाइट', 'पॉझिटिव्ह' म्हणजे 'अप'. मग तापमानाच्या व्हेरिएबलवर 'कोऑर्डिनेट्स' ॲट्रिब्यूट लावून त्यात 'हाइट' लिहा. घोळ होतो तो इथेच. हे ॲट्रिब्यूट लावायचं राहिलं की उंची फाइलमध्ये असूनही तापमानाशी जोडलेली नसते आणि एक्सअरे (अशा फाइली वाचणारी पायथन लायब्ररी) तिला साधं डेटा व्हेरिएबल समजतं. अक्षांश-रेखांशही असेच एकेक असतील तर 'लॅट लॉन हाइट' लिहा, मधे फक्त स्पेस. स्वल्पविराम टाकला की नावं जुळत नाहीत.

'हाइट' म्हणजे जमिनीपासूनची उंची. नागपूरची समुद्रसपाटीपासूनची साधारण ३१० मीटर तिथे भरू नका. त्यासाठी 'सर्फेस_अल्टिट्यूड' आहे.

वेळ मात्र स्केलर ठेवण्याआधी विचार करा. पुढे रोजच्या फाइली जोडायच्या असतील तर फाइली जोडणाऱ्या एनसीआरकॅट या कमांडला रेकॉर्ड डायमेन्शन (लांबी वाढू शकणारं, म्हणजे अनलिमिटेड) लागतंच, त्यामुळे 'टाइम' पहिल्यापासून अनलिमिटेड ठेवलेलं बरं.