एकाच बांबूवर उभं राहून नदी पार

प्रश्न : शाळेतल्या मुलांनी मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. चीनमधली एक मुलगी पाण्यावर तरंगणाऱ्या एकाच बांबूवर अनवाणी उभी आहे आणि हातातल्या दुसऱ्या बांबूने वल्हवत नदीतून चालली आहे. मुलं म्हणतात, खाली नक्की काहीतरी लपवलेलं असणार. खरं काय? आणि तिकडचा एखादा खेळ आमच्या खेड्यातल्या शाळेत घेता येईल का?
– शारीरिक शिक्षण शिक्षिका, चिपळूण तालुका

उत्तर : ताई, खाली काहीही लपवलेलं नसतं. हवं तर मुलांना फळ्यावर गणित करून दाखवा. ८ मीटर लांब आणि १५ सेंटीमीटर जाड बांबू पुरता बुडाला, तर साधारण १४० लिटर पाणी बाजूला सारतो, म्हणजे १४० किलोचा भार पेलतो. त्यातून बांबूचं स्वतःचं वजन वजा करा, शेंड्याकडे तो निमुळता होतो तेही धरा. जे उरतं त्यात एक माणूस तरून जातो, पण जेमतेम. म्हणून पुन्हा नीट पाहाल तर त्या मुलीची पावलं ओली दिसतील. बांबू बराचसा पाण्याखालीच असतो. बुडत नाही, कारण पेरापेरात हवा कोंडलेली असते.

खरी परीक्षा तोल सांभाळण्याची. गोल बांबू पायाखाली सतत फिरू पाहतो. एक पाऊल पुढे, एक मागे, गुडघे सैल, आणि हातात चार-पाच मीटरची काठी आडवी. दोरीवर चालणाऱ्याच्या हातात असते तशीच ती तोल धरते, शिवाय एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाण्यात घालून वल्ह्याचंही काम करते. एकाच काठीने दोन्ही कामं करायची, हे मला फार देखणं वाटतं.

हा खेळ ग्वेइचौ प्रांतातल्या चिश्वे नदीकाठचा. मिंग आणि चिंग राजवटींत राजवाड्यांसाठी नानमू नावाचं मौल्यवान लाकूड नैऋत्येकडच्या डोंगरांतून नदीवाटे जायचं. ओंडक्यावर उभं राहून त्याला वाट दाखवणाऱ्यांपासून हे कसब सुरू झालं, असं तिकडे सांगतात. पुढे ओंडक्याच्या जागी बांबू आला. त्या भागात बांबूची रानंच्या रानं आहेत. चीनमधल्या अल्पसंख्याक समाजांच्या पारंपरिक खेळांची एक राष्ट्रीय स्पर्धा असते. पहिली १९५३ साली तिआंजिनला झाली, दुसरी थेट १९८२ साली होहोटला, आणि बारावी २०२४ मध्ये सान्याला. २०११ साली ही स्पर्धा ग्वेइचौची राजधानी ग्वेइयांगला भरली, तेव्हा बांबूवरच्या शर्यतीला तिथे अधिकृत जागा मिळाली. आता ६० आणि १०० मीटरच्या शर्यती होतात.

हा खेळ मात्र शाळेत घेऊ नका, नदीवर तर मुळीच नको.

त्याऐवजी दक्षिण चीनमधल्या ग्वांग्शीतल्या च्वांग लोकांची फळ्यांची शर्यत घ्या. याच राष्ट्रीय स्पर्धेत तीही असते. दोन लाकडी फळ्या. प्रत्येक १ मीटर लांब, ९ सेंटीमीटर रुंद, ३ सेंटीमीटर जाड. दोन्हींवर पाय अडकवायला तीन-तीन पट्टे. तिघं एकामागे एक उभे राहतात, सगळ्यांचे डावे पाय एका फळीवर, उजवे दुसऱ्या. मग पळायचं! च्वांगांची सेनानी वा हिने सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांशी लढायला निघालेल्या सैनिकांना असंच जखडून पावलं जुळवायला शिकवलं, अशी कथा आहे. १५५५ साली ती त्या लढाईवर गेली होती, हा इतिहास आहे.

फळ्या गावातला सुतार करून देईल, पट्ट्यांना सायकलची जुनी ट्यूब चालेल. सुरुवात मऊ मातीवर करा, साधारण सारख्या उंचीची मुलं एकत्र घ्या. ‘डावा, उजवा’ हे मधल्या मुलाने मोठ्याने म्हणायचं. पहिले काही दिवस तिघांनी पळायचं नाही, फक्त चालायचं. आणि एक नियम आधीच सांगून ठेवा. कुणाचा पाय फळीवरून सुटून जमिनीला लागला, तर तिघांनीही तिथेच थांबायचं, पाय पुन्हा पट्ट्यात घालायचा आणि मगच पुढे निघायचं.