मागच्या चाकापाशी खाट वाजते

प्रश्न : माझी २००८ची मारुती ओम्नी आहे. आठवडी बाजाराला भाजी नेतो. गतिरोधकावरून उतरताना मागून जुन्या लोखंडी खाटेसारखी करकर येते. पावसाळ्यात आवाज गेला होता, दिवाळीनंतर परत सुरू झाला. ओळखीचे मेकॅनिक म्हणतात, पाट्यांवर (मागच्या लीफ स्प्रिंगवर) जळकं ऑइल मारा, गप्प बसेल. मारू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : नका मारू. गप्प बसेल हे खरं, पण चार दिवस. हे ऐकीव नाही. कोल्हापुरात गॅरेज टाकलं तेव्हा पावसाळ्याआधी येईल त्या गाडीला मी खालून जळकं ऑइल मारायचो. गंजाला ते बरं. रबराला खनिज तेल अजिबात सोसत नाही. एका गिऱ्हाइकाच्या ओम्नीचं शॅकल (पाट्याचं टोक गाडीच्या सांगाड्याला, म्हणजे चासीला, टांगणारी कडी) पुढच्या उन्हाळ्यात उघडलं, तर बुश, म्हणजे पिनेभोवतीची रबरी नळी, चहात बुडवलेल्या पावासारखा फुगलेला. दाबला तर बोट काळं झालं. मधोमध असायची ती पिन एका अंगाला गेलेली. नव्या बुशांचे पैसे मुकाट्याने मीच भरले.

तुमच्या पावसाळ्याने निम्मं निदान केलंय. पाण्याने आवाज जातो, म्हणजे काहीतरी कोरडं घासतंय. एकतर पाट्यांच्या टोकांचे बुश, नाहीतर पाट्यांमधला गंज. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडा. घरातल्या कुणाला तरी मागचं दार उघडून काठावर बसवा आणि वरखाली हलायला सांगा. तुम्ही बाजूला उकिडवे बसून एका वेळी एकाच जागी पाणी सोडा. जिथे भिजल्यावर करकर थांबली, तो चोर.

पाट्यांत असेल तर स्वस्तात सुटलात. चाक लोंबतं ठेवलं की पाट्यांची टोकं जरा सुटतात. तारेच्या ब्रशने गंज काढा, हॅक्सॉच्या जुन्या पात्याने ग्राफाइट ग्रीस आत सरकवा. बुशापासून मात्र ते लांब ठेवा.

बुश असेल तर वंगणाच्या नादी न लागता बदला, आणि दोन्ही बाजूंचे एकदमच. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, चासी स्टँडवर घ्या, जॅक अ‍ॅक्सलखाली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही. पिना गंजलेल्या असणारच. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. (इथे तेल चालतं, तो बुश फेकायचाच आहे!) नंतर पाट्याचा डोळा (बुश बसतो ते टोकाचं भोक) पॉलिश पेपरने घासून पुसून कोरडा करा. नवा बुश साबणाच्या पाण्याने सरकतो. सिलिकॉन ग्रीस मिळालं तर उत्तमच.

आता जिथे बहुतेक जण चुकतात ते. नट आधी फक्त हाताला लागतील इतकेच आवळा. गाडी चाकांवर उतरवा, मागून दोन-चारदा दाबा, मगच पान्याने पक्के करा. रबरी बुश फिरत नाही, रबर स्वतः पिळतं. चाक लोंबत असताना आवळलात तर गाडी उभी असतानाही ते पिळलेलंच राहणार आणि लवकर फाटणार.

दुकानदार लाल-पिवळे पॉलियुरेथेनचे बुश दाखवेल. ते फिरतात, म्हणून त्यांना सिलिकॉन ग्रीस लागतंच. भाजीच्या गाडीला साधं रबर पुरे.

शंभरेक किलोमीटर झाले की नट पुन्हा बघा. आणि पुढच्या मे महिन्यात सर्व्हिसिंगला गाडी लावाल तेव्हा चावी देतानाच बजावा, खालून धुवा, पण ऑइल मारू नका.